प्रॉडक्ट, डेटा आणि प्रोसेस एकत्र शिकायचंय? नागपुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

बुटीबोरीच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये सात वर्षं काढली आणि मग सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्ट टीममध्ये आलो. तेव्हापासून नात्यातली, कॉलेजची, जुन्या कंपनीतली पोरं फोन करतात. प्रश्न जवळपास तेच असतात. दर वेळी धरमपेठेत चहाला भेटून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. चहाला तरीही माझी ना नाही.

एक विषय धड येत नाही, तिथे तीन एकदम कशाला?

अभ्यासक्रम तीन आहेत, काम एकच आहे. कुठलीही अडचण घ्या. नेमकं दुखतंय कुणाला, हा पहिला प्रश्न. किती दुखतंय, हा दुसरा. आज बरं केलं तर महिन्याभरानं बरंच राहील का, हा तिसरा. पहिला प्रॉडक्टवाल्याचा, दुसरा डेटावाल्याचा, तिसरा प्रोसेसवाल्याचा. मोठ्या कंपनीत यासाठी तीन माणसं असतात आणि ती एकमेकांना मेल टाकत बसतात. आठ-दहा जणांच्या टीममध्ये तिन्ही प्रश्न तुमच्याच गळ्यात येतात.

दोन ठरीव पद्धती शेजारी ठेवून पाहा. सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका मोजून कमी करायची पद्धत, तिच्यात पाच पायऱ्या आहेत: प्रश्न ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, टिकवा. डेटावाल्यांच्या क्रिस्प-डीएम पद्धतीत सहा, आणि त्यातली पहिली आहे धंद्याचा प्रश्न समजून घेणं. मॉडेल, म्हणजे जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधणारं गणित, चौथ्या पायरीवर येतं. आपली पोरं थेट चौथीवर उडी मारतात, मग वर्षभर विचारतात की कंपनीत कुणी आपलं ऐकत का नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच ना?

नाही. प्रोजेक्टवाला ठरलेलं काम ठरल्या तारखेला पार पाडतो. काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे प्रॉडक्टवाला ठरवतो. तारीख चुकली तर पहिल्याला बोलणी बसतात. तारखेवर झालं पण कुणी वापरलंच नाही, तर दुसऱ्याला.

हे काम सॉफ्टवेअरच्या आधीचं आहे. १९३१ च्या मे महिन्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय या तरुणानं साहेबांना एक टिपण लिहिलं. तो कॅमे साबणाची जाहिरात पाहायचा आणि घरच्याच आयव्हरी साबणापुढे कॅमे झाकोळला जायचा. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा. विक्री कुठे पडतेय, का पडतेय, हे त्यानं जागेवर जाऊन पाहावं. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचं मूळ बहुतेक जण तिथेच धरतात. त्या टिपणात कॉम्प्युटरचा संबंधच नव्हता, हे बीई मेकॅनिकलवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

सुरुवात कुठून करू?

प्रोसेसपासून. माझं हे मत ठाम आहे आणि बेंगळुरूचे माझे मित्र यावर माझ्याशी भांडतात. पण नागपुरात बसून शिकणाऱ्याला लाखो वापरणाऱ्यांचं ॲप कोण देणार? प्रोसेस मात्र समोर पडलेली असते. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनवरचा जॉब बदलायला लागणारा वेळ असेल, दवाखान्यातली केसपेपरची रांग असेल, नाहीतर तुमच्याच ऑफिसात बिल पास व्हायला लागणारे अकरा दिवस असतील. वही आणि घड्याळ पुरतं. तिथे मोजायला शिकलात की डेटाची गरज आपोआप पडते. लोकांशी बोलल्याशिवाय कारण सापडत नाही, त्यामुळे प्रॉडक्टचं अर्धं शिक्षणही तिथेच होतं.

एखादं खरं उदाहरण सांगा ना. पुस्तकातलं नको.

प्रतापनगरच्या बाजूला एका काकूंचा डब्यांचा व्यवसाय आहे. दुपारचे ऐंशी डबे: काही आयटी पार्कच्या ऑफिसांत, काही पीजीतल्या मुलींना, उरलेले घरोघरी, त्यात म्हातारी माणसं बरीच. तक्रार एकच, डबा उशिरा येतो. काकूंच्या पुतण्याचं ठरलं होतं की ॲप बनवायचं, नकाशावर डबा कुठवर आला ते दाखवायचं. खर्चाचा आकडा ऐकून काकूंनी मला बोलावलं.

आम्ही दोन दिवस स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. वहीत चार रकाने: पोळ्या झाल्या, डबा भरला, गाडीवर चढला, पोहोचला. पोळ्या वेळेवर होत होत्या. भरणंही झकास चाललं होतं, ११ वाजून १० मिनिटांपासून साडेबारापर्यंत मिनिटाला एक डबा. पण डबे नेणारे दोघं पोट्टे सगळे ऐंशी भरून होईस्तोवर बाहेर मोबाइल बघत बसायचे, कारण 'सगळे सोबतच न्यायचे' अशी पहिल्यापासूनची रीत. म्हणजे पहिला भरलेला डबा ऐंशी मिनिटं ओट्यावर निवत पडायचा. सरासरी काढली तर प्रत्येक डब्याची चाळीस मिनिटं नुसती थांबण्यात जात होती.

इथे एक छोटा नियम कामाला येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: थांबलेल्या वस्तूंची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. मिनिटाला एक डबा, चाळीस मिनिटं थांबा, म्हणजे ओट्यावर सरासरी चाळीस डबे. आम्ही मोजले तर खरंच तेवढेच भरत होते. काकू म्हणाल्या, "अगं बाई, म्हणूनच मला ओटा पुरत नाही म्हणायचा!"

मग ऐंशी डब्यांच्या तीन फेऱ्या केल्या. आधी आयटी पार्कचे भरायचे आणि एकानं निघायचं. पीजीचे घेऊन दुसऱ्यानं. पहिला परत येईतो घरचे तयार. थांबण्याची सरासरी चाळीसवरून तेरा-चौदा मिनिटांवर आली. खर्च शून्य. ही झाली प्रोसेस.

प्रॉडक्टची गोष्ट वेगळीच निघाली. पीजीतल्या मुलींना जाऊन विचारलं तर त्यांना दहा-वीस मिनिटांचं काही वाटतच नव्हतं. त्यांचं दुखणं असं, की डबा उघडल्यावर दोडका निघाला तर तो तसाच ठेवून बाहेर खायला जावं लागतं आणि दोन्हीकडचे पैसे जातात. भाजी काय आहे ते सकाळी कळलं तर त्या दिवशी डबा नको सांगता येईल, एवढंच त्यांना हवं होतं. रोज नऊला व्हॉट्सॲपवर एक ओळ, दहापर्यंत 'नको' कळवायचं. पुतण्याच्या नकाशावर कुणीच कधी डबा शोधला नसता.

'नको' यायला लागले तसा डेटाचा प्रश्न उभा राहिला: उद्या कणीक किती भिजवायची? मी मोठ्या हौसेनं मॉडेल बसवलं. त्याच्यापेक्षा 'मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी' हा साधा हिशेब बरा निघाला. मग काकूंनीच कॅलेंडरकडे बोट दाखवलं. एकादशी आणि संकष्टी असा एक रकाना वाढवला आणि अंदाज एकदम जागेवर आला. कुठल्याही कोर्समध्ये हा रकाना तुम्हाला कुणी शिकवणार नाही.

गणित कच्चं आहे. जमेल का?

दहावीचं गणित आणि थोडं संख्याशास्त्र. कॅल्क्युलस पुढे लागलं तर बघू. आधी सरासरी कुठे फसवते ते समजून घ्या. दहा दिवसांपैकी नऊ दिवस डबा पाऊणला आला आणि एक दिवस अडीचला, तर सरासरी निघते बारा पंचावन्न. कागदावर ठीक दिसतं. पण बारा पंचावन्नला डबा एकाही दिवशी आलेला नाही, आणि ग्राहकाच्या लक्षात राहतो तो अडीचचा दिवस. म्हणून मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येतो तो) काढा, शंभरातले सर्वांत वाईट पाच-दहा दिवस वेगळे पाहा, आणि आकडे मांडून डोळ्यांनी बघा. एवढं करणारी माणसं मी ऑफिसांतसुद्धा फार थोडी पाहिली.

एक्सेल, एसक्यूएल की पायथन?

याच क्रमानं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, तुमची पहिली पाच कामं त्यात आरामात बसतील. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, मात्र टाळू नका. डेटासाठी दुसऱ्याच्या टेबलाशी खेटे घालणं बंद झालं की वर्षाला किती दिवस वाचतात ते मी भोगून सांगतोय. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तिसरी.

ए/बी टेस्ट करायला शिकू का?

ए/बी टेस्ट म्हणजे ग्राहकांचे दोन गट करायचे, एकाला जुनं, दुसऱ्याला नवं द्यायचं आणि तुलना करायची. तत्त्व शिका, पण नाद करू नका. समजा शंभरातले दहा जण ऑर्डर देतात आणि नव्या बदलानं ते बारा होतात का हे तपासायचंय. नेहमीच्या कसोट्या लावल्या तर प्रत्येक गटात पावणेचार हजारांच्या आसपास माणसं लागतात, दोन्ही मिळून साडेसात हजार. काकूंचे ग्राहक ऐंशी. त्यांच्यावर टेस्ट लावून जे निघेल ती नुसती गंमत. एवढ्या ग्राहकांत दहा जणांशी अर्धा-अर्धा तास बोलणं जास्त फळतं.

बोलतानाही एक पथ्य पाळा. 'असं ॲप केलं तर वापराल का?' असं विचारू नका. आपल्याकडची माणसं भिडस्त. तोंडावर 'हो, छान आहे की' म्हणतात. 'मागच्या वेळी असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं?' हे विचारा.

सिक्स सिग्माचा बेल्ट करून घेऊ का?

बेल्ट म्हणजे सिक्स सिग्मा येत असल्याचं प्रमाणपत्र. कारखान्यात असाल तर हो, सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर घाई नको.

थोडा इतिहास. सिक्स सिग्मा मोटोरोलात १९८६ मध्ये बिल स्मिथ यांनी मांडलं, नव्वदीच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं गाजवलं. 'दहा लाखांत ३.४ चुका' हा आकडा सगळे पाठ म्हणतात. त्यात एक मेख आहे: प्रक्रिया काळाच्या ओघात दीड सिग्मा सरकते (सिग्मा म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) असं धरून तो काढलाय. न सरकता खरोखर सहा सिग्मा राहिली तर चुका अब्जात दोनच्या आसपास येतात. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

बेल्ट देणारी एकच अशी अधिकृत संस्था जगात नाही, त्यामुळे कुणीही उठतो आणि दोन दिवसांत ग्रीन बेल्ट देतो. एएसक्यू या अमेरिकेतल्या क्वालिटीच्या संस्थेच्या ग्रीन बेल्ट परीक्षेला बसायला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. यावरून दोन दिवसांच्या बेल्टची किंमत तुम्हीच करा.

बेल्ट नसला तरी टोयोटाच्या ताइची ओनो यांनी सांगितलेले अपव्ययाचे सात प्रकार पाठ असू द्या: नको तितकं उत्पादन, वाट पाहणं, विनाकारण वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, नाहक हालचाल आणि दोष. ते ऑफिसालाही जसेच्या तसे लागू पडतात. मी एकदा मोठ्या हौसेनं तेवीस आलेखांचा डॅशबोर्ड बनवला होता. तीन महिन्यांनी नोंदी पाहिल्या तर उघडणारा एकच माणूस, तो म्हणजे मी. नको तितकं उत्पादन म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

नागपुरात राहून शिकायची सोय काय?

आता पुष्कळ आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांचे संख्याशास्त्र, डेटा सायन्स, क्वालिटी, ऑपरेशन्स असे सगळे कोर्स फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून परीक्षा. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली बीएस पदवी २०२० पासून ऑनलाइन आहे, नोकरी सांभाळून करणारे बरेच दिसतात, पण ती पदवी आहे हे विसरू नका, दम लागतो. मिहानमध्ये आयआयएम आहे, शिवाय व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी आहे. तिथली कार्यशाळा, पाहुण्यांचं व्याख्यान बाहेरच्यांसाठी खुलं असेल तर जाऊन बसा.

नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या कोर्सबद्दल विचाराल तर माझे स्वतःचे बावन्न हजार तसे गेले आहेत. हमीच्या कागदात खाली बारीक अक्षरांत असं होतं की महिन्याला ठरावीक अर्ज केले नाहीत तर हमी रद्द. नाव सांगत नाही, कागद मात्र पूर्ण वाचा.

पण नोकऱ्या? त्या तर पुण्या-बेंगळुरूलाच ना?

'प्रॉडक्ट मॅनेजर' अशी पाटी लावलेल्या बहुतेक तिकडेच, खोटं कशाला सांगू. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएलसारख्या कंपन्या आहेत, पण तिथलं पुष्कळसं काम बाहेरच्या ग्राहकांसाठी चालतं आणि प्रॉडक्टचे निर्णय त्या ग्राहकाकडे होतात.

तरीही मी घाई करू नका म्हणेन. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत, मोठ्या दवाखान्यांत, गोदामांत, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात तेच काम निराळ्या नावानं चालतं. पाटीवर 'बिझनेस अॅनालिस्ट', 'ऑपरेशन्स एक्सिलन्स' किंवा नुसतं 'एमआयएस' (साहेबांसाठी आकड्यांचे अहवाल काढणं) असतं. तिथे दोन वर्षं काढून तीन कामं तडीस नेलेला माणूस पुण्याच्या मुलाखतीत नुसत्या कोर्सवाल्यापेक्षा भारी पडतो. शिवाय इथे स्वतःचं घर असलं तर पगारातलं भाडं वाचतं, हा हिशेब आपले लोक कधी मांडतच नाहीत.

नोकरी करून वेळ कसा काढायचा?

आठवड्याला सहा तास. त्यातले दोन वाचण्या-पाहण्यात, चार स्वतःच्या कामावर. उलटं केलंत की वर्षभर व्हिडिओच पाहत बसाल. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, तेव्हा एसक्यूएल उरकून घ्या. दिवाळीनंतर हवा बरी असते, तेव्हा लोकांना भेटायची कामं काढा.

मुलाखतीत काय दाखवू?

डेटा शिकताना सगळे सरावाला घेतात तो टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा सोडून काहीही. १९१२ मध्ये बुडालेलं जहाज आपली पोरं अजून दर रविवारी बुडवतात.

स्वतः सोडवलेली एक अडचण दोन पानांत लिहा: आधी काय होतं, कसं मोजलं, कुणाशी बोललात, काय बदललं, आणि तुमचा कोणता अंदाज चुकला. शेवटचा भाग गाळू नका, अनुभवी माणूस तोच आधी वाचतो. कंपनीचा डेटा मात्र पेन ड्राइव्हवर घरी आणू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी नोकरी जायला तेवढं कारण पुरे. आकडे गुणोत्तरात सांगा, नावं काढून टाका.

सुधारणा केली, दोन महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. का?

कारण सिक्स सिग्माची पाचवी पायरी, 'टिकवा', गाळली. मोजणं थांबलं की सवय परत येते. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये काढलेला नियंत्रण-आलेख आजही त्यासाठीच वापरतात. मधोमध सरासरी, वर-खाली हद्दी. हद्दीच्या आत आकडा हलला तर शांत बसा, बाहेर गेला तर उठा. रोजच्या चढउतारावर आरडाओरडा करणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये हा आलेख नक्की लावावा.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. एकच आकडा धरून बक्षीस-शिक्षा सुरू केली की माणसं काम सोडून आकडा सुधारतात. 'डबा भरल्यापासून निघेपर्यंतचा वेळ' यावर काकूंनी बोनस ठेवला, तर पोट्ट्यांनी अर्धे डबे टाकूनच पळायला सुरुवात केली! मग त्याच वहीत 'राहिलेले डबे' असा जोडआकडा घ्यावा लागला. आता दोन्ही बरे असतील तरच बोनस.

आता एआय सगळं लिहून देतं. मग हे शिकून काय उपयोग?

कोड लिहून देतं, आलेख काढून देतं, मीही रोज वापरतो. पण दाराशी स्टूल टाकून ते बसत नाही, आणि वहीत न आलेली एकादशी त्याला कुठून कळणार?

माझी नोकरीच नाही. वडिलांची काटोलला संत्र्याची बाग आहे. यातलं काही चालेल?

तुमच्याकडे तर सगळ्यांत चांगला डेटा आहे, फक्त तो लिहिलेला नाही. आंबिया आणि मृग बहार, म्हणजे संत्र्याचे दोन हंगाम, वेगळे धरा. आंबियाचा माल दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही मिळून वर्षाची सरासरी काढलीत तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. फळगळ कोणत्या आठवड्यात, कोणत्या ओळीतल्या झाडांची, हे मांडा. तोडणीपासून कळमन्याच्या बाजारात गाडी उभी राहीपर्यंत माल किती तास थांबतो ते मांडा. आणि व्यापारी माल बाजूला काढतो तेव्हा नेमकं काय पाहतो, हे त्याच्या शेजारी उभं राहून विचारा.

मृगाचा माल सुटायच्या आत वही घ्या. पहिल्या रकान्यात बहार, दुसऱ्यात क्रेटचं वजन. भाव बाजार समितीकडून मागाहूनही मिळतो, वजन मिळत नाही.